पेपर सोपा, इंग्रजी अवघड : पदवीचे विद्यार्थी इंग्रजीच्या परीक्षेकडे कसे पाहतात?

प्रश्न : तासिका_पहिली

नमस्कार. दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, कला आणि वाणिज्य शाखेच्या महाविद्यालयात मी अकरा वर्षे इंग्रजी शिकवते. माझ्याकडे मुख्यतः प्रथम वर्षाचा तो वर्ग असतो, ज्याला विद्यार्थी 'कंपल्सरी' एवढेच म्हणतात. म्हणजे इंग्रजी हा विषय ज्यांनी स्वतः निवडलेला नाही, पण त्याच्या परीक्षेतून ज्यांची सुटकाही नाही, अशांचा वर्ग.

मागच्या सत्राच्या शेवटच्या तासाला मी कोरे कागद वाटले आणि सांगितले, की नाव न घालता, मराठीतच, इंग्रजीच्या परीक्षेविषयी मनात जे असेल ते लिहा. उतारा कठीण होता, वेळ पुरला नाही, तपासणी कडक होती, अशा तक्रारी येतील असे मी धरून चालले होते. तशा तक्रारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. एका कागदावर फक्त एक वाक्य होते : "इंग्रजीचा पेपर सोपा असतो, इंग्रजी अवघड असते." दुसऱ्या एका विद्यार्थ्याने, किंवा विद्यार्थिनीने, उताऱ्यावरचे प्रश्न सोडवण्याची आपली रीतच लिहून दिली होती : उतारा वाचायचा नाही, आधी प्रश्न पाहायचा, त्यातला मोठा शब्द उताऱ्यात शोधायचा, तो सापडला की त्या वाक्याच्या पहिल्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत जसेच्या तसे उतरवायचे, आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. शेवटी कंसात लिहिले होते, "अर्थ कळला नाही तरी दोन मार्क मिळतात." हे वाचून मी खजील झाले, कारण ही युक्ती नापास होणाऱ्यांसाठी म्हणून मीच वर्गात सांगितली होती.

आमच्याकडे बरीच वर्षे ७० गुणांची विद्यापीठाची लेखी परीक्षा आणि ३० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन अशी रचना होती. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर विषयांची नावे आणि क्रेडिट बदलले, परंतु प्रश्नपत्रिकेचा साचा फारसा हललेला मला दिसत नाही : ठरलेल्या पाठांवरचे प्रश्न, एक उतारा, थोडे व्याकरण, एखादे पत्र. माझ्या हातात आहे ते केवळ अंतर्गत मूल्यमापन.

म्हणून येथील वाचकांना विचारावेसे वाटते, की पदवीला असताना आपण या परीक्षेकडे कसे पाहत होतात, पुढे आयुष्यात इंग्रजीची दुसरी एखादी परीक्षा दिली असल्यास तुलनेत काय जाणवले, आणि माझ्या हातातील त्या थोड्या गुणांचे मी काय करावे? "मुलांना अभ्यासच नको असतो" हे उत्तर मला स्टाफरूममध्ये रोज मिळते, तेवढे कृपया येथे देऊ नये.

प्रतिसाद १ : स्थलांतरित_सोलापूरकर

मॅडम, त्या कागदावरचे वाक्य मी लिहिलेले असू शकले असते. दहावीपर्यंत मी सोलापूर जिल्ह्यात मराठी माध्यमात शिकलो, नंतर अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि सध्या जर्मनीत एम.एस. करतो आहे. बोर्डाच्या इंग्रजीत मला नेहमीच बरे गुण मिळाले, आणि त्या गुणांवर माझा स्वतःचा कधीही विश्वास बसला नाही.

तो का बसला नाही, हे मला परदेशी शिक्षणासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करताना कळले. त्या परीक्षेत वाचनासाठी ६० मिनिटे, तीन लांब उतारे आणि ४० प्रश्न असतात. त्यांतील एका प्रकारात विधाने दिलेली असतात आणि प्रत्येकापुढे 'ट्रू', 'फॉल्स' किंवा 'नॉट गिव्हन' यांपैकी एक लिहायचे असते. विधान उताऱ्याशी जुळते, उताऱ्याच्या विरुद्ध जाते, किंवा उतारा त्याविषयी काही बोलतच नाही, अशा या तीन शक्यता. पहिल्या दोन मला येत होत्या. तिसरीने माझे दोन महिने खाल्ले. समजा, उताऱ्यात एवढेच म्हटले आहे, की अमुक शहरातील ट्राम बंद करून बसगाड्या आणल्या गेल्या, आणि विधान असे आहे, की प्रवाशांना या बदलाचे वाईट वाटले. मी बेधडक 'ट्रू' लिहीत असे. वाईट वाटलेच असणार ना! पण उताऱ्यात प्रवाशांच्या मनाविषयी अवाक्षर नाही. दहा-बारा वर्षे मी ज्या परीक्षा दिल्या, त्यांत प्रश्न विचारला आहे म्हणजे उत्तर उताऱ्यात असणारच, ही गोष्ट सूर्य उगवण्याइतकी निश्चित होती. तुमच्या विद्यार्थ्याची 'मोठा शब्द शोधा' ही रीत याच निश्चितीवर उभी आहे. उत्तर नसण्याची शक्यता प्रश्नपत्रिकेत आली, की ती रीत जागच्या जागी कोसळते आणि माणसाला नाइलाजाने उतारा वाचावा लागतो.

दुसरा अनुभव बोलण्याच्या चाचणीचा. ती ११ ते १४ मिनिटांची असते आणि समोर हाडामासाचा परीक्षक असतो. मधल्या भागात एक कार्ड हाती देतात, विचार करायला एक मिनिट आणि टिपणासाठी कागद-पेन्सिल देतात, आणि मग एक ते दोन मिनिटे आपण एकट्याने बोलायचे. मला घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीविषयी बोलायचे होते. मी कागदावर मराठीत चार शब्द खरडले : आजोबा, बोअर, मोटार, हिशेबाची वही. बोअरवरच्या मोटारीचा वीजवापर आजोबा वहीत कसा टिपून ठेवत, हे मी सांगितले. चुका भरपूर झाल्या असतील. पण खोलीबाहेर आल्यावर लक्षात आले, की वयाच्या तेविसाव्या वर्षी मी पहिल्यांदाच कोणालातरी इंग्रजीतून स्वतःची गोष्ट सांगितली होती आणि ती त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली होती.

या परीक्षेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. शुल्क १७-१८ हजार रुपयांच्या घरात आहे, निकाल सर्वसाधारणपणे दोनच वर्षे ग्राह्य धरतात, आणि तिच्याही भोवती साचे विकणारे क्लास उभे राहिलेच आहेत. पहिल्या प्रयत्नात मला श्रवणात ७, वाचनात ६.५, लेखनात ५.५ आणि संभाषणात ६ बँड (नऊपैकीची श्रेणी) मिळाले. सरासरी ६.२५ येते आणि नियमाप्रमाणे ती वर ढकलून ६.५ धरतात, तरी मी अडकलो, कारण माझ्या अभ्यासक्रमाला प्रत्येक भागात किमान ६ हवे होते. लेखन का पडले? क्लासमध्ये पाठ करून घेतलेली प्रस्तावना मी प्रत्येक निबंधाला चिकटवत होतो. बारावीची सवय, दुसरे काय.

प्रतिसाद २ : गठ्ठा_क्रमांक_चार

मी निवृत्त प्राध्यापक आहे. पंचवीसहून अधिक वर्षे मी पेपर काढले, तपासले आणि मॉडरेशनही (इतरांनी तपासलेल्या पेपरांची फेरतपासणी) केले, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो आहे असे समजावे.

वरील प्रतिसादातील तुलना रंजक आहे, पण ती दोन वेगळ्या जातींच्या परीक्षांची आहे. एक परीक्षा निवड करण्यासाठी घेतली जाते. कोणाला किती येते हे मोजणे एवढेच तिचे काम, आणि त्यासाठी परीक्षार्थी हजारो रुपये मोजतो. दुसरी परीक्षा पुढच्या वर्षात पाठवण्यासाठी घेतली जाते, तिचे शुल्क गरिबातल्या गरीब विद्यार्थ्याला परवडले पाहिजे आणि तिचा निकाल ठरलेल्या दिवसांत लागलाच पाहिजे. कॅप सेंटरवर, म्हणजे केंद्रीय मूल्यमापन केंद्रावर, सकाळी गठ्ठा पुढ्यात येतो तेव्हा एका उत्तरपत्रिकेला जेमतेम काही मिनिटे देता येतात. शेजारच्या टेबलावरील सहकारी ज्या उत्तराला दोन गुण देतो, त्याला मी अर्धा दिला, तर विद्यार्थी छायांकित प्रत मागवतो, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करतो, आणि ते त्याने करावेच. अशा व्यवस्थेत पेपर काढणारा माणूस असाच प्रश्न काढतो, ज्याचे उत्तर आदर्श उत्तरपत्रिकेत एका ओळीत लिहिता येईल. "तुमच्या गावातील एखादा बदल सांगा आणि तो तुम्हाला का पटत नाही ते लिहा," असा प्रश्न मी एकदा सुचवला होता. समितीतील ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "आणि याचे मॉडेल आन्सर?" तो प्रश्न तेथेच संपला.

विद्यार्थ्यांना हे सगळे आपल्यापेक्षा लवकर कळते. त्यांना आळशी म्हणणे मला कधीच पटले नाही. ज्या कामाला गुण आहेत ते करायचे आणि ज्याला नाहीत ते सोडायचे, हा त्यांचा हिशेब चोख असतो; प्रश्नपत्रिका कशी वाचावी हे तर ते आपल्यालाही शिकवू शकतील.

परीक्षा बदलली की शिकवणे आपोआप बदलते, या आशेविषयी मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. परीक्षेचा अध्यापनावर जो उलटा परिणाम होतो, त्याला या शास्त्रात 'वॉशबॅक' म्हणतात. लँकेस्टर विद्यापीठाचे चार्ल्स अल्डरसन आणि डायान वॉल यांनी श्रीलंकेत शालान्त स्तरावरील इंग्रजीची नवी परीक्षा आल्यावर प्रत्यक्ष वर्गांत बसून निरीक्षण केले. १९९३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की परीक्षेमुळे शिक्षक काय शिकवतात ते बदलले, पण कसे शिकवतात ते बदलले नाही. मला तो तंतोतंत पटतो. आमच्याकडे प्रश्नपत्रिकेत ई-मेल लेखन आले तेव्हा आम्ही काय केले? फळ्यावर ई-मेल लिहिला आणि मुलांनी तो वहीत उतरवून घेतला.

राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्येच म्हणून ठेवले आहे, की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असावी. आमच्या पिढीने ते वाक्य सेमिनारांत इतक्या वेळा उद्धृत केले, की त्याचाही पाठ झाला.

तासिका_पहिली, अंतर्गत गुणांविषयी स्पष्ट बोलायचे तर ते आपणच मातीत घातले आहेत. हजर असलेल्याला, वही पूर्ण केलेल्याला, सरांना नमस्कार करणाऱ्याला, सगळ्यांनाच ३० पैकी पंचवीसच्या पुढे. ही खिरापत वाटताना मीही हात आखडता घेतलेला नाही. सर्वांना सारखेच मिळणाऱ्या गुणांकडे विद्यार्थी परीक्षा म्हणून कसे पाहतील?

प्रतिसाद ३ : शेवटून_दुसरा_बाक

मी वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे वरच्या दोघांसारखे मागे वळून पाहण्याइतके माझे वय नाही. सर, तुमचा प्रतिसाद आवडला, पण तुम्ही सगळे लेखी पेपरावरच बोलत आहात. आमच्या वर्गात इंग्रजीविषयी जी खरी भीती आहे ती लेखी पेपराची नाहीच.

बारावीचे उदाहरण देते. आमच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात गटचर्चा होती, मुलाखत होती, सूत्रसंचालनही होते, आणि हे तिन्ही प्रकार आम्ही लिहून काढले. चार विद्यार्थी चर्चा करत आहेत अशी कल्पना करायची आणि प्रत्येकाच्या नावापुढे दोन-तीन वाक्ये लिहायची. मुलाखत म्हणजे आठ-दहा प्रश्नांची यादी. ८० गुण लेखी पेपराला होते आणि उरलेल्या २० गुणांत ओरल होती. आमच्या ओरलला बाईंनी नाव, गाव आणि छंद विचारले. माझ्या पुढच्या सात मुलींचा छंद 'रीडिंग' होता, म्हणून मीही 'रीडिंग' सांगितले. कोणते पुस्तक, असे विचारले असते तर पंचाईत झाली असती. कोणालाच विचारले नाही.

यंदा एका कंपनीच्या भरतीसाठी आम्हाला बोलण्याची चाचणी द्यावी लागली. ती यंत्र घेते. हेडफोनमध्ये वाक्य ऐकू येते, ते जसेच्या तसे म्हणायचे. मग वाक्याचे तुकडे उलटसुलट ऐकू येतात, ते नीट जोडून बोलायचे. मग एक छोटी गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत परत सांगायची. प्रयोगशाळेत आम्ही पंधरा-वीस जण एकाच वेळी आपापल्या यंत्राशी बोलत होतो. शेजारच्या मुलाने गोष्टीतला कुत्रा मांजर करून टाकला, मला तो ऐकू आला आणि माझीही गोष्ट घसरली. माझी निवड झाली नाही. यंत्र आमचा 'ळ' आणि आमचे हेल कसे ऐकते, हा प्रश्न आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर बराच वेळ चर्चिला, आणि त्या चर्चेत थोडा कांगावाही होता, हे कबूल करते.

पण एक गोष्ट आम्हा सगळ्या मुलींना सारखीच जाणवली. यंत्र हसत नाही. वर्गात इंग्रजीत एक वाक्य बोलायला उभे राहिले, की 'वॉज' की 'वेअर' यावर अडखळताच मागून खसखस ऐकू येते, आणि ती खसखस शून्य गुणांपेक्षा जास्त लागते. आम्हाला बोलण्याची परीक्षा नको आहे, असे शिक्षकांना वाटते. मॅडम, आम्हाला ती हवी आहे, फक्त साठ जणांसमोर नको. कोपऱ्यात, दोन खुर्च्यांवर, पाच मिनिटे घ्या. आणि गुण कमी मिळाले तर कमी द्या. सगळ्यांसारखेच तीसपैकी पंचवीसच्या पुढे मिळाल्यावर आपल्याला काय येत नाही, हे कधीच समजत नाही. ते थेट भरतीच्या दिवशी समजते.

प्रतिसाद ४ : रब्बी

थोडे वेगळे मत मांडतो. मी इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि शेती करतो. पदवीच्या तीन वर्षांत मला एकाच विषयात एटीकेटी (विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात जाण्याची मुभा) लागली, ती इंग्रजीत. इतिहासात वर्गात दुसरा होतो. येथे सर्वांनी गृहीत धरले आहे, की परीक्षा सुधारली म्हणजे विद्यार्थ्याचा राग जाईल. माझा राग साच्यावर नव्हता. मला ज्या विषयात गती आहे त्याची पदवी मला दुसऱ्याच विषयाच्या उंबरठ्यावर का अडवावी, यावर होता. तुमची नवी परीक्षा जितकी खरी होईल, तितकी माझ्यासारख्यांना ती जास्त अडवेल, कारण साचा पाठ करून सुटण्याची वाटही बंद होईल. खताच्या पोत्यावरचे आणि बँकेच्या कागदावरचे इंग्रजी मी आज वाचतो, ते गरजेने शिकलो. ते कोणत्याही पेपरात नव्हते. मूल्यमापन जरूर करावे, पण त्यावर पदवी अडवू नये, एवढेच म्हणणे आहे.

प्रतिसाद ५ : तासिका_पहिली

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण दरम्यान अंतर्गत चाचणी होती आणि रिकाम्या हाताने परत येथे येऊ नये असे वाटले.

रब्बी, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. विषय अनिवार्य असावा की नाही हे माझ्या पातळीवर ठरत नाही, आणि तुमची एटीकेटी मला अन्यायाची वाटते, एवढे मात्र नोंदवते. खताच्या पोत्याची कल्पना मी उचलली आहे. चाचणीचा उतारा म्हणून यंदा पाठ्यपुस्तकाबाहेरची कीटकनाशकाच्या बाटलीवरची सूचना घेतली.

शेवटून_दुसरा_बाक, दोन खुर्च्या मी ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात टाकल्या. पाच मिनिटे प्रत्येकी शक्य झाली नाहीत, तीनच देता आली, आणि तरीही वेळापत्रकाबाहेरच्या चार दुपारी गेल्या. पुढच्या सत्रात सगळ्या वर्गाचे असे करता येईल याची मला खात्री नाही. छंद विचारला नाही. आज कॉलेजला कसे आलात, एवढेच विचारले. एक मुलगी एसटी चुकल्यापासून दुधाच्या टेम्पोतून येईपर्यंतचा सगळा प्रवास वर्तमानकाळात सांगून गेली. व्याकरणाला मी कमी गुण दिले आणि तसे तिला सांगितलेही. ती म्हणाली, "चालेल मॅडम, पण टेम्पो कळला ना?"

सर, गुण यंदा पंचवीसच्या खाली गेले आहेत, काहींचे बरेच खाली. विभागात त्यावरून कुरबूर सुरू आहे, आणि मला ते गुण पुन्हा वाढवायला लावले जाण्याची शक्यता आहे. उताऱ्यावरच्या सहा प्रश्नांपैकी दोनांची उत्तरे मी मुद्दाम उताऱ्यात ठेवली नव्हती, आणि 'उत्तर उताऱ्यात नाही' असेही उत्तर असू शकते, हे फळ्यावर आधीच लिहून ठेवले होते. पहिली दहा मिनिटे वर्गात नेहमीसारखी पेने चालली. मग एकेक थांबू लागले. मोठा शब्द बाटलीवर होता, पण त्याच्या वाक्यात उत्तर नव्हते, हे कोणाकोणाच्या ध्यानात येत असल्याचे चेहऱ्यांवर दिसत होते. काहींनी नेहमीप्रमाणे वाक्य उतरवले. काहींनी उतारा पुन्हा वरपासून वाचायला घेतला, बोट ठेवून. बऱ्याच वेळाने खिडकीजवळच्या एका मुलाने हात वर केला आणि अगदी हळू आवाजात विचारले, "मॅडम, उत्तर नाही असं लिहिलं, तर खरंच मार्क देणार ना?"